शेवंताबाईचा न वाकणारा गुडघा

जळगावच्या दवाखान्यात शेवंताबाईचा गुडघा काढून घेतला आणि त्या जागी दाराची बिजागरी बसवली, अशी बातमी एका हिवाळ्यात असोदा गावभर झाली होती. बिजागरी पितळी की लोखंडी, यावर काय तो मतभेद. विहिरीवरच्या बायकांनी तर ती करकरताना कानांनी ऐकलेली. पुढे लढाई पेटली आणि लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा एका शहाण्यानं लोटनला गाठून सांगितलं, "बायकोले घरात ठेव भाऊ. सरकार लोखंड गोळा करू राह्यलं."

यातलं काही खरं नव्हतं. बिजागरी बसवली असती तर पाय वाकला असता. शेवंताबाईचा पाय वाकत नव्हता, हीच तर सगळी भानगड होती. मांडीपासून घोट्यापर्यंत एकसंध, पहारीसारखा सरळ. बसली की तो समोर लांब पसरायचा, आणि समोर जो कोणी असेल त्याच्या अंगावर जायचा. आपल्याकडे माणसाकडे पाठ केलेली चालते, पाय केलेला चालत नाही. त्यातून ती सून, आणि समोर बहुतेक वेळा सासरा.

झालं होतं ते असं. केळीच्या बागेला बाभळीच्या काट्या लावायचं काम चाललं होतं. काट्यांचा भारा बांधताना शेवंताबाई जमिनीवर गुडघा टेकून बसली आणि एक काटा थेट वाटीच्या कडेनं आत शिरला. तिनं ओढला. अर्धा हातात आला, अर्धा आतच मोडला. तिनं हातातला अर्धा फेकला आणि भारा बांधून पुरा केला. काट्याला रडत बसायची त्या घरात रीत नव्हती.

चार दिवसांत गुडघा पपईएवढा झाला. हाडं बसवणारा भिकन आला. त्यानं गुडघा दाबला, कपाळाला आठ्या घातल्या आणि निकाल दिला, "हाड सरकलं." मग त्यानं पाय असा ओढला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. वर हळदीचा लेप, वर बांबूच्या कामट्या. भिकनच्या हाताला गुण होता, खोटं कशाला बोला. मोडलेली बरगडी तो उचकी थांबवावी तशी बरी करायचा. पण सरकलेलं हाड आणि सडणारा सांधा यातला फरक काही त्याच्या बोटांना कळला नाही. कामट्यांच्या आत पू वाढत गेला. शेवंताबाई तापानं फणफणली, भिंतीशी बोलायला लागली, तेव्हा कुठे गाडी जुंपली गेली.

दवाखान्यात डॉक्टरनं गुडघा उघडून धुतला. जीव वाचला. मग त्यानं नवरा लोटन याला खाटेपाशी उभं करून समजावलं.

"हे बघा, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये मऊ गादी असते. कूर्चा म्हणतात तिला. ती पुवानं खाऊन टाकली. आता हाडाला हाड चिकटणार आणि सांधा कायमचा धरणार. याला अँकिलोसिस म्हणतात."

"मंग चिकटू नका देऊ," लोटन म्हणाला.

"ते माझ्या हातात नाही. कसं चिकटवायचं, तेवढं हातात आहे. प्लास्टर ज्या कोनात घालीन त्या कोनात पाय जन्मभर राहील. सरळ घातलं तर चालता चांगलं येईल, बसायची पंचाईत. वाकवून घातलं तर बसता येईल, चालताना कुबडी. विचार करा आणि सांगा."

लोटन म्हणजे देवमाणूस. पण बैलाला पाणी कधी पाजायचं हेसुद्धा बापाला विचारून ठरवणारा. "आबाले इचारतो," म्हणाला आणि असोद्याला निघाला.

ओट्यावर पंचायत भरली. जीवराम आबांनी तंबाखू मळत प्रश्न ऐकला. थोरली सून कुंदाबाई दाराआडून म्हणाली, "वाकडाच बरा. चुलीपाशी बसनं तं झालं पाह्यजे. चालून तिले कुठं जानं हाये?" थोरला मुलगा पुना म्हणाला, नांगराचा दांडा सरळच चांगला. त्यावर आबा खेकसले, "नांगराले भाकरी टाकता येते का रे?" झालं. वाकडा.

लोटन निरोप घेऊन परतला. डॉक्टर खाटेपाशी आला, त्यानं विचारलं, आणि लोटननं तोंड उघडायच्या आत खाटेवरून आवाज आला.

"सरळ."

डॉक्टर वळला. इतके दिवस या बाईनं दुखतं म्हणून हूं केलं नव्हतं. "बाई, विचार केलात? मांडी घालता येणार नाही."

"केला."

लोटन आभाळाकडे पाहावं तसं दवाखान्याच्या छताकडे पाहू लागला. आबांचा शब्द मोडायची ही घरातली पहिलीच वेळ होती, आणि तीही आडव्या पडलेल्या माणसानं मोडलेला.

तिनं असं का केलं यावर गावानं पुष्कळ तर्क केले. कुंदाबाईचा तर्क असा की चूल टाळायला. खरं कारण साधं होतं आणि सांगण्यासारखं नव्हतं. गेला महिनाभर दोन माणसं तिच्या बगलेत हात घालून तिला परसाकडे नेत होती. नेताना ती माणसं कपाशीच्या भावाबद्दल बोलायची. ती मध्ये लोंबकळत असायची, आणि तिला लाजसुद्धा वाटेनाशी झाली होती. ते तिच्या ध्यानात आलं, त्याच दिवशी तिचा विचार झाला होता.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय बारीक, पांढरा आणि ठार सरळ झाला होता. गुडघ्यावर वणाच्या भोवती बोट लावलं तर कळत नव्हतं. एकदा चुलीतला निखारा उडून तिथे पडला. कातडीचा वास आला तेव्हा तिनं खाली पाहिलं, चिमट्यानं निखारा उचलून परत चुलीत टाकला आणि भाकरी उलटली. कुंदाबाईनं ते पाहिलं आणि दुपारपर्यंत गावभर केलं. बाई हाडाची दगड झाली, असं लोक म्हणू लागले. तिच्या कानावर आलं. तिनं नाकारलं नाही. दगडच वाटत होतं तिला. पायातून ते वर चढत चढत छातीपर्यंत आलं होतं आणि तिथे स्वस्थ बसलं होतं.

लोटननं मात्र एक काम बापाला न विचारता केलं. माती आणि विटांचा कमरेएवढा ओटा रचून त्यावर चूल मांडली. शेवंताबाई उभ्यानं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापू लागली. असोद्यात ही नवलाई. "उभ्यानं सैपाक केला की लक्ष्मीबी उभीच राह्यते, जायाच्या तयारीत," कुंदाबाई म्हणायची, आणि जेवायला पहिली बसायची.

चूल झाली, पण बसण्याचं काय? पंगतीत पाय कोणाच्या तरी ताटाकडे जाई. पूजेला देवाकडे जाई. लोक नुसतं ताट सरकवत. शेवंताबाई सगळ्यांच्या मागून, भिंतीला समांतर बसून जेवू लागली. हळदीकुंकवाला दाराबाहेर उभी राहू लागली. मग जाईनाशीच झाली. कोणी विचारलं, "काय झालं व पायाले?" तर ती डॉक्टरचा शब्द जशाच्या तसा सांगायची, "अँकिलोसिस." विचारणारी घाबरून काढता पाय घेई. शेवंताबाईला तेवढंच हवं असायचं.

वर्षं गेली. तिची एकुलती एक लेक सुंदर लग्नाची झाली. फैजपूरचं स्थळ आलं, पसंत पडलं, तिथी निघाली. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कुंदाबाईनं भरल्या घरात विषय काढला.

"कन्यादानाले मी अन् हे बसतो. शेवंताचा पाय जावयाच्या तोंडाकडे जाईन. बरं दिसते का ते? ज्याचे पाय धुवाचे, त्यालेच पाय दाखवाचा?"

आबांनी मान डोलावली. पुनानं बापाकडे पाहून मान डोलावली. लोटन जमिनीकडे पाहत राहिला. शेवंताबाई हरबऱ्याची डाळ पाखडत उभी होती. सूप थांबलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काही वाचायला जावं तर ती पाटी केव्हाचीच पुसलेली.

निजानीज होण्याआधी सुंदर तिच्याजवळ आली. "माय, तू बसशीन ना?"

"पाहू."

"पाहू काय? बसशीन ना?"

शेवंताबाईनं लेकीच्या ओल्या हळदीचं बोट धरलं आणि सोडलं. पण सकाळी सगळ्यांनी पाहिलं, ती जरीकाठी लुगडं नेसून, नाकात नथ घालून मांडवात आली होती. कुंदाबाईही नटून पाटापाशी पोचलेली. दोघींमध्ये एक रिकामा पाट.

"लोटन," शेवंताबाईनं हाक मारली. नवऱ्याला नावानं. चारचौघांत. लोटन दचकून आला. तिनं त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि पाटावर बसायला लागली.

"थांबा, थांबा," भटजी म्हणाले. "पाय नवऱ्या मुलाकडे नको. पाट जरा उजवीकडे फिरवा." फिरवला. तिकडे होमाची वेदी. डावीकडे फिरवला. तुळस. आणखी फिरवला तर जीवराम आबा लोडाला टेकून बसलेले, ते घाईनं म्हणाले, "इकडे नको, इकडे नको." वऱ्हाडी पोरं खिदळू लागली. पाटाबरोबर शेवंताबाई फिरत होती, जात्याच्या खुंट्यासारखी, चेहरा तसाच कोरा. कुंदाबाई म्हणाली, "मी म्हनलं व्हतं."

शेवटी भटजींनी मोजून-मापून एक दिशा काढली. तुळस आणि नवरा मुलगा यांच्या मधली. तिकडे देव नव्हता, अग्नी नव्हता, घरातलं वडीलधारं माणूस नव्हतं. फक्त नवऱ्या मुलाचा काका झुलाल गादी टाकून ऐसपैस बसला होता. पाट तसा ठेवला. शेवंताबाई बसली. पाय लांब झाला आणि टाच झुलालच्या गादीला लागली.

"काका, जरा इकडे येता का?" भटजींनी विनवलं.

"मी नवरदेवाकडचा मानूस," झुलाल मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "मानाच्या जागेवरून उठू? व्हीनबाईलेच पाय आखडाले सांगा. नही तं त्या दुसऱ्या बाईले बसवा."

मुहूर्त जवळ आला होता. भटजी घड्याळाकडे पाहत होते. कुंदाबाईनं पदर सावरून एक पाऊल पुढे टाकलं. अंतरपाटामागून सुंदरचा हुंदका ऐकू आला. शेवंताबाईनं लोटनच्या खांद्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि झुलालकडे पाहिलं. रागानं नाही. डाळीतला खडा पाहावा तसं.

ती म्हणाली, "व्याहीबुवा, माह्या पायाचा सांधा गेला, तो वाकत नही. तुमचे दोन्ही गुडघे धड हायेत. तुम्ही उठा, अन् तिकडे जाऊन बसा."