लिनक्सवाला दादा

माझा मोठा भाऊ लिनक्सवाला. पेशाने इंजिनिअर, आता निवृत्त, पण दादरात त्याची ओळख हीच. कॉम्प्युटर चालवायला तो विंडोज नाही, फुकट मिळणारं लिनक्स वापरणार; त्याचा शाळेपासूनचा मित्र मात्र विंडोजवाला. सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारून झाल्या की कट्ट्यावर दोघांची जुंपते. दादा म्हणणार, "तुझ्या मशीनचा मालक तू नाहीसच मुळी. ते अपडेट म्हणालं की तू गप हात बांधून बसायचं." मित्र म्हणणार, "आणि तुझा प्रिंटर? यंदा तरी चालला का रे?" महागड्या मॅकला मात्र दोघं मिळून नावं ठेवणार. इतकी वर्षं मी मध्ये बसून चहा पीत मजा बघत आले.

मग माझी नजर गेली. पूर्ण नाही, कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी अनुवाद करते. एक कादंबरी निम्मी मराठीत झाली होती, निम्मी बाकी होती. आता कॉम्प्युटरने शब्द वाचून दाखवायचा, मी ऐकत लिहायचं, एवढाच मार्ग उरला होता. ते जमलं नसतं तर माझं काम संपलं होतं. रात्रंदिवस तीच धास्ती.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं, अर्थातच दादाने घातलेलं. ते ठेवायचं की विंडोज घ्यायचं, यावर दोघं माझ्याच घरात, माझेच पोहे खात भांडायला लागले. व्हायरस काय, सुरक्षितता काय, स्वातंत्र्य काय! शेवटी माझं डोकं फिरलं. "चुलीत घाला तुमचं ते! अरे, मला दिसत नाहीये! न बघता एक परिच्छेद लिहून दाखवा, मग बोला."

 मग दादा उठला, माझा लॅपटॉप आणि मित्राचा शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही पडद्यांवर पंचे टाकले. आधी माझ्या लॅपटॉपसमोर बसला. त्यातून मराठी आली, पण डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तशी. मग मित्राच्या मशीनसमोर बसला. तिथे एका बाईचा आवाज स्वच्छ, सावकाश वाचत होता. दादा पुन्हा माझ्या लॅपटॉपकडे वळला, सेटिंग बदलली, वेग कमी केला, पुन्हा ऐकलं. आता मित्र टोमणा मारणार, म्हणून मी वाट बघत होते. त्याने खुर्ची ओढली आणि दादाशेजारी बसून कान देऊन ऐकायला लागला.

जेवायची वेळ टळून गेली तेव्हा दादाने पंचे काढले. "मला चालेल हा आवाज," तो म्हणाला. "पण ही दिवसभर याच्याशी कशी राहणार? विंडोज घालू या."

"मी घालतो," मित्र म्हणाला.

"नको. माझं मीच काढतो."

त्यानेच विंडोज घातलं आणि संध्याकाळपर्यंत तो एकेक बटण माझ्या बोटांना शिकवत बसला. विंडोजला मी कधी हात लावणार नाही, असं आयुष्यभर सांगणारा माझा भाऊ! मग मी कादंबरीतलं अडलेलं वाक्य लिहिलं. त्या बाईने ते वाचलं. एक शब्द खटकला, मी बदलला, तिने पुन्हा वाचलं. तसं करत परिच्छेद पुरा झाला. माझा, नेहमीसारखा.

मला रडूच फुटलं. दादा घाबरला. त्याला वाटलं, आवाज पसंत पडला नाही.

"रडू नकोस गं," तो म्हणाला, "मॅक बघू या आपण."