वायफायचे पाटकरी

माझे सासरे घरात चालायचे तेव्हा त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर असायचा आणि त्या हातात मोबाइल असायचा. मान मागे, एक डोळा मिटलेला, अंगात बंडी, आणि वाटेत कोण बसलंय, काय मांडलंय याची काडीची फिकीर नाही. माजघरात निवडायला घेतलेल्या तांदळाच्या ताटात त्यांनी पाय दिलेला मी स्वतः पाहिला आहे. तरी ओरडा आम्हालाच. "हालू नगासा! काडी गेली बगा तुमच्यामुळं!" काडी म्हणजे मोबाइलच्या कोपऱ्यात रेंज दाखवणारी रेघ. वायफायच्या खुणेत काड्या नसतात, कमानी असतात, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. "कमान काय आन काडी काय, गेली ती गेलीच न्हवं?" असं म्हणून ते परसात निघून गेले. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे असा.

उंब्रजमध्ये त्यांना सगळे पाटकरी आप्पा म्हणत. फौजेतून आल्यावर त्यांनी बरीच वर्षं गावच्या पाणीसंस्थेत पाटकऱ्याचं काम केलं होतं. कुणाच्या उसाला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, कुणी मध्येच पाट फोडून पाणी आपल्याकडे वळवलं, हे बघायचं काम. त्याआधी फौजेत ते सिग्नल युनिटला होते. "आमी सिग्नलला हुतो," हे वाक्य ते सकाळच्या चहाला म्हणत आणि पुन्हा दुपारच्या चहालाही म्हणत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्याच नेमाने पुढचं वाक्य पुरवत. "सिग्नलला हुतं खरं, पर लंगरात. वायरलेसवाल्यांस्नी डाळ वाढायचं." आप्पांना त्याचं काही वाटत नसे. "डाळ वाढताना मानसाचं कान उगडं आसत्यात," म्हणायचे. या उघड्या कानांनी जमवलेलं सगळं ज्ञान आमच्या राउटरच्या वाट्याला आलं.

नवरा फौजेत, सीमेवर. मी सांगलीची, नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलायचं. तो गोडवा संपतो आणि घरच्यांना उरत नाही, हे या लिखाणावरून कळेलच. लेक, ओवी, झाल्यावर मी साहेबांकडून उंब्रजला राहून काम करायची परवानगी मिळवली. अट एकच होती. नेट सारखं तुटायला लागलं तर पुण्याला येऊन ऑफिसात बसायचं. म्हणजे नेट टिकलं तर मी आणि ओवी उंब्रजला, नाही तर दोघी पुण्याला. हे मी आप्पांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. आप्पांनी आत्याबाईंच्या मांडीवर झोपलेल्या नातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नेटचं माज्याकडं लागलं. तू काय काळजी करू नगं." त्या दिवसापासून मी काळजी करायला लागले.

नेट जोडणाऱ्या माणसाने राउटर बाहेरच्या सोप्यात खिडकीपाशी लावून दिला. तो गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत आप्पांनी राउटर काढून लोखंडी कपाटात ठेवला होता. वायर जायला कपाटाचं दार बोटभर उघडं, बाकी कुलूप. का, तर मोलाची वस्तू. "येता-जाता लोकांची नदर पडती." मी म्हटलं, "आप्पा, लोखंडातून रेंज बाहेर येत नाही ओ." ते म्हणाले, "मग तर बरंच हाय. आपली रेंज आपल्या घरात ऱ्हाईल." आमचं जुनं घर, दीड हात रुंद दगडी भिंती, मोबाइलचं नेटही आत शिरायला कां-कू करतं. त्यात वायफाय कपाटात, सोन्याच्या पाटल्यांशेजारी.

मग मी काय ते शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. मोबाइलवर रेंज मोजायचं ॲप घेतलं, खोलीखोलीतून फिरले, कुठे हिरवं, कुठे पिवळं, कुठे लाल ते आप्पांना दाखवलं. उत्तर सरळ होतं. राउटर घराच्या मधोमध, उघड्यावर, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर हवा. आमच्या माजघरात नेमकी तिथे एक लाकडी फळी होती. पण त्या फळीवर होती आप्पांची ढाल. निवृत्त होताना युनिटने दिलेली पितळी ढाल, खाली त्यांचं नाव कोरलेलं, दर रविवारी चिंच लावून घासलेली. "तिथं माजी ढाल हाय," आप्पा म्हणाले. ढाल दुसरीकडे ठेवू म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांनाच दुसरीकडे ठेवू म्हणाले होते. आणि ॲपबद्दल एवढंच म्हणाले, "त्येला काय कळतंय? कवा पाट बगितलाय का त्येनं?"

हे पाटाचं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यांच्या मते वायफाय आणि पाणी यांत फरक नव्हता. पाणी वरून खाली येतं, तर वायफायपण वरूनच सोडायला हवं. शिवाय सिग्नल युनिटात खांब उंच असतो, हे त्यांनी डाळ वाढता वाढता पाहिलं होतं. झालं. राउटर गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी गेला. पाऊस लागू नये म्हणून त्याच्यावर तेलाचा पत्र्याचा डबा पालथा घातला, डब्यावर दगड. रेंज आता टाकीतल्या पाण्यासारखी भदाभदा खाली येणार म्हणून आप्पा जिन्याच्या पायथ्याशी हात वर करून उभे राहिले. खाली काहीही आलं नाही. शेजारच्या गच्चीवर मात्र थोडीफार जात असावी, कारण तिथली म्हातारी लिंबाचं लोणचं उन्हात ठेवायला आली की तासभर खाली उतरत नसे.

आता कुणीही शहाण्या माणसाने डबा काढला असता. आप्पांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. "रेंज गळतीया," म्हणाले. भर उन्हाळ्यात आम्ही बंद घरात घामाने निथळत बसलो. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा संशय भावकीवर गेला. "त्यानी आपली रेंज फोडली," असं त्यांनी एका सकाळी जाहीर केलं आणि चुलत भावाच्या दारात जाऊन कडाक्याचं भांडण करून आले. चुलत भावाकडे साधा बटणाचा मोबाइल होता. तो बिचारा त्याची बटणं दाबून दाखवत राहिला आणि आप्पा म्हणाले, "दाखवाय ह्यो आन वापराय दुसरा."

शेवटी त्यांनी पाळी लावली. पाटाच्या पाण्याची लावतात तशीच. सकाळपासून दुपारपर्यंत माझी पाळी. तेवढ्यात आत्याबाईंनी मोबाइलवर कीर्तन लावायचं नाही, ओवीने कार्टून बघायचं नाही, आणि आप्पा स्वतः हातात काठी घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसणार. मी कॅमेरा लावून साहेबांशी बोलत असताना चित्रात माझ्या मागे एक बंडीवाला म्हातारा काठी घेऊन बसलेला दिसायचा. एकदा साहेबांनी विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "सासरे आहेत, नेट सांभाळतायत." पुढचं वाक्य तोंडात असतानाच नेट गेलं आणि माझा तोंड वासलेला चेहरा सगळ्या ऑफिसासमोर पडद्यावर तसाच राहिला. आप्पा उंबऱ्यावरून ओरडले, "पानी तुटलं का गं?"

माझ्या सहनशक्तीलाही शेवट होता. नवरात्रात साहेबांचा निरोप आला की नवमीच्या सकाळी वरचे साहेब स्वतः बोलणार आहेत आणि कुणी कायम घरून काम करायचं, कुणी परत यायचं, ते त्याच बैठकीत ठरणार. मी आदल्या दिवशी आप्पांना समोर बसवलं. "आप्पा, उद्या माझा मोठा दिवस आहे. उद्या नेट गेलं तर आम्ही गेलो. राउटरला हात लावू नका. त्याच्यावरचा डबा मी आज काढलाय, पुन्हा घालू नका. बस्स." आप्पा गंभीर झाले. "उद्या बग तू," म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा निश्चय होता की मला वेड्यासारखा धीर आला.

सकाळी मी साडी नेसून, हेडफोन लावून टेबलाशी बसले तर नेट नाही. गच्चीवर गेले तर राउटर नाही. धावत सोप्यात आले. खंडेनवमीची हत्यारं मांडली होती. कोयता, विळा, खोरं, आप्पांचं पाटकऱ्याचं फावडं, आत्याबाईंची विळी. आणि सगळ्यांच्या मधे, नव्या टॉवेलाची घडी करून त्याच्यावर, आमचा राउटर. हळद, कुंकू, दोन्ही अँटेनांना झेंडूची माळ. समोर नुकताच फोडलेला नारळ. आणि राउटरच्या फटींतून पाणी ठिबकत होतं.

"आप्पा, हे काय केलंत?"

"आगं, तुजा मोटा दिस न्हवं का?" आप्पा आंघोळ करून, टोपी घालून, हात जोडून बसले होते. "तुजं हत्यार ह्येच. म्हनून ह्येच्यावर नारळाचं पानी जरा जास्तीच शिपडलं. आता इसावा घिऊ दे त्येला. आज हत्याराला कामाला लावत न्हाईत."

आत्याबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "आवं, तिचं हत्यार बुडवलंसा तुमी! तिचा दिस गेला की!"

मी मोबाइल घेऊन गच्चीवर पळाले. वरच्या साहेबांचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता, आवाज चित्राच्या मागून येत होता, आणि हायवेवरचे ट्रक माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू जात असावेत. संध्याकाळी निरोप आला. पुढच्या महिन्यापासून पुण्याला हजर व्हावे.

मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी रडलेसुद्धा नाही. आप्पांनी राउटर उघडून पापडांशेजारी उन्हात वाळत घातला. दर थोड्या वेळाने जाऊन उलटा-पालटा करून येत. तो काही जिवंत झाला नाही. आमच्या बॅगा भरल्या जात होत्या आणि ते राउटर वाळवत होते. जायच्या दिवशी हायवेच्या थांब्यावर ते ओवीची पिशवी धरून उभे राहिले. बस आली तेव्हा म्हणाले, "पुन्याला रेंज चांगली आसंल."

मी म्हटलं, "असणारच. तिथे पाटकरी नाही."

ते हसले. "त्ये बी खरं हाय," म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

पुण्यात पंधरवडा गेला नसेल, आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या बंडीचं तुटलेलं बटण दिसत होतं. "आता माजघरात हाय," म्हणाले. "दिसतोय का?" दिसत होते. "आता सैपाकघरात चाललो. दिसतोय का?" दिसत होते. न्हाणी, सोपा, परस, धान्याची खोली, सगळीकडे फिरले. कुठेही चित्र तुटलं नाही. माझं टेबल दिसलं, खुर्ची दिसली, तुळईला बांधलेला ओवीचा झोपाळा दिसला. मग मोबाइल फिरवून त्यांनी माजघरातली फळी दाखवली. फळीवर नवा राउटर होता. झाकण नाही, कुलूप नाही, माळ नाही.

"ढाल कुठाय?"

"हाय की. धान्याच्या कनगीमागं."

माझं डोकं फिरलं. "मी वर्षभर कंठशोष करत होते तेव्हा का नाही ठेवलात तिथे?"

त्यांनी मोबाइल स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, "सून सांगती आन सासरा ऐकतो, आसं कवा हुतंय का? आन खरं सांगू का, मला वाटायचं तुमी कुटं जाताय आमाला सोडून." मग लगेच घाईने, "आता काय आडचन न्हाई बग. नाव, पासवर्ड जुनाच ठिवलाय. कवाबी या."

जाता येत नव्हतं. ऑफिसने दिलेली मोकळीक काढून घेतली होती ती घेतलीच. आप्पा मात्र रोज संध्याकाळी फोन लावत आणि रिकाम्या खोल्यांतून मोबाइल फिरवत. मी एकदा चिडून म्हटलं, वापरणारं कुणी नाही, कशाला चालू ठेवलंय, तोडून टाका. "पाट कोरडा ठिवला की इस्कटतो," ते म्हणाले.

थंडीत आप्पा गेले. सकाळी फळी पुसता पुसता बसले ते उठले नाहीत, असं आत्याबाईंनी सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मी दारात पाऊल टाकलं आणि हातातल्या मोबाइलने आपणहून घरचं वायफाय घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले. मी माजघरात गेले. राउटरचा हिरवा दिवा चालू होता, फळीवर धुळीचा कण नव्हता. मला पुन्हा राग आला. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते आम्ही घरात नसताना. कसला हा हट्ट, आणि त्याचं आता मी काय करू? माझं त्या माणसावर प्रेम होतं, आणि त्याने मला ते सांगायला एक दिवस शांतपणे दिला नाही. मी मोबाइल डोक्याच्या वर धरला आणि खोलीखोलीतून फिरायला लागले. सोपा, न्हाणी, धान्याची खोली. स्वयंपाकघराच्या दारात आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या उचललेल्या हाताकडे पाहिलं, आणि ताट दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतलं.

"हालू नगं," त्या म्हणाल्या. "काडी जाईल."

मी हलले. त्यांच्यापाशी जाऊन खाली बसले. एकही काडी गेली नाही.