राखाडी भोपळ्याचं बी

माझी आई लग्न होऊन आटपाडीहून रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत भोपळ्याच्या बियांची एक पुरचुंडी होती. त्या बियांचा भोपळा बाहेरून राखाडी, विझलेल्या चुलीतल्या राखेसारखा, आणि कापला की आत गडद केशरी. वाढायचाही असा, की एकट्या माणसाला उचलवत नसे. गावात बाकी सगळ्यांचे भोपळे लाल किंवा हिरवट. आमच्या परड्यातला तेवढा राखाडी. आजूबाजूच्या बायका तो बघून आईला विचारायच्या, "तुमच्या आटपाडीकडं पाणीच न्हाई म्हंत्यात, मग ह्यो एवढा कसा हुतो?" आई नुसती हसायची.

वडील फौजेतून निवृत्त होऊन आले, तेव्हा त्यांनीही बिया आणल्या. उत्तरेतल्या छावणीत त्यांच्या एका सोबत्याने क्वार्टरच्या मागे भोपळे लावले होते, भडक केशरी आणि प्रचंड मोठे. वडिलांनी ते बी आईच्या वेलांपासून दहा पावलांवर टोकलं. त्या वर्षी दोन्ही वेल एकमेकांत गुंतले, मधमाश्या दोन्हीकडे फिरल्या. फळं मात्र आपापल्या रंगाचीच धरली, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. आईने सगळ्यांत मोठ्या राखाडी भोपळ्याचं बी धुऊन, राखेत घोळून, डब्यात ठेवलं. जुनं उरलेलं बी शेजारणींना वाटून टाकलं.

पुढच्या वर्षी आईने पाच वेल लावले. पाचही वेलांना केशरी भोपळे लागले.

मी तेव्हा मिरजेच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले होते. शनिवारी घरी आले तर आई परड्याकडे पाठ करून बसलेली. वडील ओट्यावर.

"शेजारणींकडून आण की थोडं परत," मी आईला म्हटलं.

"त्यांनी खाल्ल्या भाजून. भोपळ्याच्या बिया कोण ठेवतंय?"

"मग मामाकडून?"

"तितं आता डाळिंबाची बाग हाय. आई गेल्यापास्नं कुणी येल लावला न्हाई." मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "आवं, तुमी आला आन् माज्या आईचं बी बाटवलं."

तीस वर्षं बदल्यांच्या गावी काढून वडील घरी आले होते, आणि घरातलं काय कुठे असतं हेही त्यांना अजून विचारावं लागत होतं. त्यात हे.

संध्याकाळी ते माझ्यामागे परड्यात आले. "गेला म्हणायचा का त्यो रंग?"

मी त्यांना सांगितलं, की प्रत्येक बीमध्ये रंगाचे दोन वाटे असतात, एक फळ धरणाऱ्या वेलाकडून आलेला, एक परागाकडून आलेला. केशरी वाटा एक जरी असला तरी फळ केशरीच दिसतं. राखाडी दिसायला दोन्ही वाटे राखाडी लागतात. "ह्या पाचही वेलांत आईचा एक वाटा आहे, आण्णा. ह्यांचीच फुलं ह्यांनाच लावून बी धरलं, तर चारांतला एखादा वेल राखाडी निघेल."

"म्हंजे पळाला न्हाई. दडून बसलाय."

"हो."

तेवढंच त्यांना हवं होतं. वेलांच्या शेंड्यांना अजून कळ्या येत होत्या. ते संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या हेरायचे आणि गोधडीच्या दोऱ्याने त्यांची तोंडं बांधायचे. पहाटे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून परड्यात जायचे. नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग त्याच वेलाच्या मादी फुलात फिरवायचे आणि परत दोरा बांधायचे. आई खिडकीतून बघायची. चहा मात्र तिथेच नेऊन द्यायला लागली.

त्या बियांचे पुढच्या वर्षी उसाच्या बांधावर बारा वेल लावले. दोन राखाडी निघाले. मला फोन आला.

"तू चारांतला एक म्हणालीस. बारांत तीन पायजेत. एक कुठं हाय?"

"आण्णा, ते सरासरीनं असतं. वेल मोजून येत नाहीत."

पण आवाजात आनंद होता, तो त्यांना लपवता आला नाही.

आईने दोन्ही भोपळे कापले. एक पाणचट होता, तो म्हशीला गेला. दुसऱ्याचे तिने घारगे केले. वडील ताटावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "रंग माज्या आईचा हाय. चव तुमच्या छावणीची हाय."

मला वाटलं, वडील आता सोडून देतील. त्यांनी त्याच भोपळ्याचं बी परत लावलं. आता फळ कापलं की आधी आई चाखायची, आणि ती हो म्हणेल त्याचंच बी राहायचं. कळ्या बांधायलाही ती जायला लागली, कारण वडिलांना चष्म्याशिवाय दोऱ्याची गाठ दिसेना. परड्यातून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, बहुतेक भांडणच, पण माझ्या लहानपणी मी त्यांना इतका वेळ एकत्र कधीच बघितलं नव्हतं. वडील सुट्टीवर यायचे तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं.

तिसऱ्या खेपेला आईने घारगा खाल्ला आणि दुसरा घेतला.

त्या दिवाळीत ती त्यातला एक लहानसा भोपळा मांडीवर घेऊन एसटीने आटपाडीला गेली. मी सोबत होते. मामाने तो ओसरीवर ठेवून घेतला, त्याच्या फाकींवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आक्का, ह्यो कुठं घावला तुला?"

"ह्यांनी काढला," आई म्हणाली.

वडील जाऊन आता चार वर्षं झाली. आई अजून दर पावसाळ्यात सहा वेल लावते. गेल्या महिन्यात मी गेले, तर गुडघे दुखतात म्हणून खुर्ची टाकून बांधावर बसली होती आणि मला कळ्या दाखवत होती. ही बांध, ती राहू दे. माझी एक गाठ सैल पडली, तर म्हणाली, "तुज्या आण्णाला पैल्या दिशी पन हे जमलं न्हवतं." मी गाठ सोडली आणि परत बांधली.