दुष्काळातली ओली फरशी

बडे बाबू गेले त्याला आज बारा दिवस झाले. रोज सकाळी मी त्यांच्याविषयी चार ओळी लिहितो आणि संध्याकाळी त्यातल्या तीन खोडतो. त्यांचा मुलगा लोह्याहून फोनवर म्हणाला होता, "काका, बाबांबद्दल काहीतरी चांगलं लिहा." पण लिहायला बसलो की मला आमच्या कचेरीची ओली फरशी दिसते आणि हसू येतं. अशा दिवसांत हसणं बरं दिसत नाही, म्हणून मी उघडं पुस्तक तोंडासमोर धरतो. बायकोला वाटतं, मी रडतोय.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. जिल्हा आला, पण कचेऱ्यांना इमारती नव्हत्या. आमची कचेरी एका बंद पडलेल्या डाळमिलमध्ये थाटली होती. मी मुखेडहून आलेला नवखा कारकून, आणि बडे बाबू आमचे अव्वल कारकून. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्या साली पाऊस झालाच नाही. गावोगावच्या विहिरी तळाला गेल्या. कचेरीला आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि खिडकीतून पाइप घालून मधल्या बोळातले सहा ड्रम भरून जायचा. ड्रम बाहेर ठेवले असते तर रात्रीत रिकामे झाले असते, म्हणून ते आत. सुटताना जो तो घरासाठी आपापली कॅन भरायचा आणि ठिबकवत न्यायचा. खाली शहाबादी फरशी, वर्षानुवर्षं पोत्यांनी घासून आरशासारखी झालेली. सगळा जिल्हा पाण्यासाठी वणवण करत होता आणि आम्ही पाण्यावरून घसरून पडत होतो. हे बाहेर कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पहिले जोरात पडले ते बडे बाबूच. कंबर धरली. चौघांनी त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवून उचललं आणि भर बाजारातून घरी नेलं. मी मागचा डावा पाय धरला होता, खुर्चीचा. वाटेत एका पानवाल्याने विचारलं, "कोण निवडून आलं?" कुणीतरी गंमत म्हणून दोन टाळ्याही वाजवल्या. बडे बाबूंनी डोळे मिटून घेतले.

आठवड्याने ते काठी टेकत कामावर आले आणि मला म्हणाले, "एक सांगून ठेवतो. तीस वर्षं झाली नोकरीला. शेवटच्या दिवशी मला इथून माझ्या पायांनी बाहेर जायचंय. खुर्चीतून नाही."

त्याच दिवशी बडे बाबूंच्या सहीची ज्ञापनं निघायला लागली. जो पडेल त्याला संध्याकाळपर्यंत टेबलावर कागद मिळायचा: 'आपण आज रोजी कार्यालयीन वेळेत विनापरवानगी पडलात. सबब तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' खुलाशात 'पाणी होते' असं लिहिलं की तो परत यायचा. बडे बाबू म्हणायचे, "पाणी शासनाचं आहे. शासनाला दोष देता? कारण स्वतःत शोधा." शेवटी सगळे एकच वाक्य लिहायला शिकले, 'माझे लक्ष नव्हते.' ते मंजूर व्हायचं. स्वतःच्या पडण्याबद्दल त्यांनी स्वतःलाच ज्ञापन दिलं, खुलासा लिहिला, तो असमाधानकारक ठरवला आणि स्वतःला सक्त ताकीद दिली.

झाडलोट आणि चहा बघणाऱ्या मावशींना हे पटत नव्हतं.

"बाबू, कागदानं पानी सुकतंय व्हय? मला फडकं द्या फडकं."

"फडक्यांचं मागणीपत्र गेलंय, मावशी."

"कुठं?"

"जुन्या जिल्ह्याला. आपला साठा अजून तिकडेच आहे."

"मग ते बी पडलं असंल वाटंत कुठंतर."

मावशींनी स्वतःच उपाय काढला. मिलच्या मागच्या खोलीत तुरीची टरफलं पोत्यांनी पडून होती. ती त्यांनी बोळभर अंथरली. दोन दिवस कुणीही पडलं नाही. बडे बाबू काठी न घेता फिरले. तिसऱ्या दिवशी शेळ्या आल्या.

चाराटंचाईचा तो काळ. रस्त्यावरच्या शेळीला तुरीचा वास किती लांबून येतो ते मला तेव्हा कळलं. आधी दोन आल्या, मग सात. त्यांनी बोळ साफ केला आणि आवक विभागात शिरून त्या दिवशीचं टपालही खाल्लं. त्यांच्यामागून एक म्हैस आली. ती मात्र खाण्याआधीच ओल्या फरशीवर चारी पाय फाकवून बसली आणि साहेबांच्या दारातून हलेना. साहेब तासभर खोलीत अडकले.

"हिला बी कागद द्या आता," मावशी म्हणाल्या. "खुलासा करंल की."

साहेबांनी टरफलांवर बंदी घातली. फरशी पुन्हा मोकळी झाली, आणि बघता बघता तो शेवटचा दिवस आला.

आम्ही वर्गणी काढून बडे बाबूंना चामडी चपला आणल्या होत्या. कोऱ्या, गुळगुळीत तळाच्या. त्यांच्या पायात त्या बघितल्यावर आपण काय केलं ते आम्हाला उमगलं. त्यात निरोपाचा चहा करायचा म्हणून साहेबांनी टँकर मुद्दाम दुपारी मागवलेला. पाइप सुटला आणि बोळात तळं झालं.

भाषणं होईपर्यंत मावशी स्वस्थ बसल्या नाहीत. फडकी नव्हती, पण दप्तरखान्यात रुमाल होते, जुन्या फायलींचे गठ्ठे ज्यात बांधतात ती लाल कापडं. त्यांनी गठ्ठे सोडले आणि खोलीपासून दारापर्यंत रुमालांची लाल वाट अंथरली.

हार घातलेले बडे बाबू बोळाच्या तोंडाशी आले आणि थांबले.

"हे काय?"

"चला की बाबू. लग्नावानी दिसायलंय."

"मावशी, तीस वर्षं मी ह्या गाठी मारल्या. ह्यांच्यावर पाय देऊ?"

"मग उडून जाताव काय?"

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. दुसरा हात भिंतीला टेकवला. रुमाल टाळून, कडेकडेच्या ओल्या फरशीवरून ते अनवाणी निघाले. एक पाऊल. थांबणं. आणखी एक. मागे आम्ही वीस माणसं एकमेकांना धरून उभे. चौथ्या ड्रमपाशी त्यांचा पाय जरासा सरकला. साहेबांनी माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. पण ते सावरले. उंबरठा आला. तो त्यांनी ओलांडला आणि उन्हात ताठ उभे राहिले.

आम्ही सगळे एकदमच आनंदाने पुढे धावलो, रुमालांवरून. ओल्या फरशीवरचा कपडा काय करतो हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. साहेब आधी घसरले, त्यांच्यावर मी, माझ्यावर टपालवाले, आणि सगळ्यांत शेवटी चहाची किटली घेऊन मावशी.

बडे बाबूंनी मागे वळून तो ढीग बघितला.

"सगळ्यांचे खुलासे. तीन दिवसांत."

"तुम्ही तर रिटायर झालात की ओ!" ढिगातून मावशी ओरडल्या.

"घड्याळ बघा. अजून अर्धा तास मी कामावर आहे."

अर्धा तास भरल्यावर त्यांनी चपला पायात घातल्या आणि त्याच बाजारातून, त्याच पानवाल्यासमोरून चालत घरी गेले.

साहेबांनी खुलासा दिला. मावशींनी तोंडी दिला, तो लिहिण्याजोगा नाही. माझा राहिला. आज-उद्या करत तो टळत गेला आणि आता मागायला कुणी उरलं नाही. तो आता लिहितो.

'खुलासा सादर करतो की, त्या दिवशी बोळात पाणी होते, पण ते कारण नाही. माझे लक्ष नव्हते. आपण उंबरठ्याबाहेर जाईपर्यंत मी आपल्याच पायांकडे बघत होतो. माझे कुठे पडतात ते बघायचे राहून गेले. विलंबाबद्दल क्षमा असावी.'