चौथ्या घराचं छत

इस्त्रीवाल्या ताई कुठूनही निघाल्या की एकदा तरी परत फिरतात. इस्त्री बंद केली का, कुलूप नीट लागलं का, सासूबाईंच्या गोळ्या हाताशी ठेवल्या का. जाऊन बघतात, सगळं जागच्या जागी असतं, तरी रस्त्याच्या वळणापर्यंत मान मागेच. मी एकदा म्हटलं, "ताई, तुमच्यामुळे आता त्या इस्त्रीलाच शंका यायला लागली असेल." त्या हसल्या, आणि हसता हसता पिशवीतली किल्ली चाचपून पाहिली.

आमची ओळख बांधकामावरची. मी घड्याळं दुरुस्त करायचो. दुकान मुलाकडे सोपवल्यावर घरात बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागलो, तेव्हा बायकोनेच मला इकडे पिटाळलं. आम्ही काही माणसं दर रविवारी जमून गरजू कुटुंबांसाठी परवडतील अशी घरं बांधतो. मिस्त्री आणि इंजिनियर बाई सोडल्या तर बाकी सगळे हौशे-नवशे. माझ्याकडे हत्यारांची खोली. फावडी द्यायची, परत घ्यायची आणि कुणी थापी न धुता आणली तर ओरडायचं. ओरडायचं काम मी मन लावून करतो.

ज्यांना घरं मिळणार ती कुटुंबंही आमच्याबरोबर राबतात, ताईंचं त्यातलंच एक, पण कुणाचं घर कुठलं हे शेवटपर्यंत ठरत नाही. पाचही घरं पूर्ण झाली की चिठ्ठ्या टाकायच्या. तोवर घरांवर नंबरसुद्धा घालायचा नाही. नंबर दिसला की माणूस मनातल्या मनात एक घर धरून बसतो आणि शेजारच्या भिंतीवर हात आखडतो, असं मिस्त्रींचं म्हणणं. नियम सोन्यासारखा होता आणि त्यानेच आमचा घात केला.

त्या रविवारी कुठल्याशा ऑफिसातली मंडळी मदतीला आली होती. नव्या कोऱ्या टोप्या, उत्साह ऊतू चाललेला. फाटकाजवळची दोन छतं पक्की झाली होती, त्यामुळे त्यांच्याखालचे टेकू काढायचे होते. मिस्त्री फाटकाशी उभे राहून ओरडले, "ताई, दुसऱ्या घराचे टेकू काढायला घ्या!" ताई होत्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. त्यांनी टाकीकडून दुसरं घर धरलं. पाच घरं, एकसारखी, बिननंबरी. टाकीकडून दुसरं ते फाटकाकडून चौथं, आणि त्याचं छत गेल्याच रविवारी ओतलेलं.

टोपीवाल्यांनी टेकूंची मधली रांग धडाधड पाडली. त्या रांगेतला शेवटचा टेकू निघाला आणि ताईंच्या मनगटावर पाण्याचा थेंब पडला. पक्क्या छतावर कोण पाणी मारतं? त्यांनी बाहेर धावत येऊन वर पाहिलं. कडेने ओली गोणपाटं लोंबत होती.

त्या तशाच आत पळाल्या. टोपीवाल्यांना हाताशी घेऊन त्यांनी सगळे टेकू पुन्हा उभे करून, खाली पाचरी ठोकून घट्ट बसवले. टोपीवाल्यांना वाटलं, हीच कामाची पद्धत असेल. ते फोटो काढून गेले. दुसऱ्या घराचे टेकू तसेच राहिले, ते वेळ न पुरल्यामुळे असं मिस्त्रींना वाटलं. कुणाला काही कळलं नाही.

बुधवारी मी हत्यारांना तेल लावत बसलो होतो, तर ताई दारात. कपड्यांचं गाठोडं काखेत, चेहरा पांढराफटक.

"भाऊ, काँक्रीट आतून दुखावलं, तर बाहेरून कळतं का हो?"

मग सगळं सांगितलं. मी ऐकत गेलो आणि माझ्या हातातली तेलाची बुधली कलंडली तरी मला कळलं नाही.

"मिस्त्रींना सांगितलं तर ते छत फोडतील," त्या म्हणाल्या. "मग पुन्हा सळया, पुन्हा ओतणं. पाचही घरं अडकतील. आमच्या घरमालकाने पुढच्या महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. सासूबाईंना आणि मुलीला घेऊन मी कुठे जाऊ? आणि बाकीच्या चौघांनी काय पाप केलंय?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर चिठ्ठीत ते घर कुणाच्या तरी नावावर निघेल. ते लोक आनंदाने राहायला जातील. वर पंखा लावतील."

'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या पंख्याने माझं तोंड बंद केलं. गाठोडं दुसऱ्या काखेत घेत ताई म्हणाल्या, "तीन रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. चला माझ्याबरोबर. एकटीने सांगायची छाती होत नाही."

मिस्त्रींनी ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. "एवढी अक्कल नाही? ओली गोणपाटं दिसली नाहीत?" मग मिस्त्री चौथ्या घरात गेले, शिडीवर चढून छतावरून सगळीकडे तळहात फिरवला. बाहेर आले तेव्हा आवाज उतरला होता. "मीच फाटकावरून कोकललो. जवळ येऊन बोट दाखवायला माझे पाय मोडले होते का?"

इंजिनियर बाईंनी फोडाफोडीचं नाव काढलं नाही. छत पुरतं पक्कं होऊ दे, मग वर वाळूची पोती रचून बघू, वाकलं किती आणि परत आलं किती, त्यावर ठरवू, असं त्या म्हणाल्या. म्हणजे आता नुसती वाट बघायची. ताईंना यापेक्षा मोठी शिक्षा कुणी दिली नसती. रोज दुकान उघडायच्या आधी येऊन त्या छताखाली उभ्या राहायच्या, मान मोडेपर्यंत वर बघायच्या. एका कोळ्याने कोपऱ्यात जाळं विणलं, तर ताईंनी तडा समजून मला बोलावून आणलं. मी खेकसलो. मग घरी गेलो आणि मलाही झोप लागली नाही.

पोती चढवायच्या दिवशी ताईंनी सगळ्यांच्या बरोबरीने वाळू वाहिली. इंजिनियर बाईंनी खाली मापाचं यंत्र बसवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. ओझं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचं होतं. ताई टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. सासूबाई काठी टेकत डबा घेऊन आल्या.

"अगं, तू डोळे लावून बसलीस म्हणून ते वर टिकणार आहे का?"

"नाही. पण नजर काढली आणि पडलं, तर?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि शेजारी बसून त्याही वर बघायला लागल्या.

छत वाकलं, पण जेवढं चालतं त्याच्या आत. पोती उतरवल्यावर जवळजवळ पूर्ण जागेवर आलं. इंजिनियर बाई म्हणाल्या, "पास." आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनी विचारलं, "नक्की?" बाई म्हणाल्या, "नक्की." "म्हणजे अगदी नक्की?" बाईंनी हात जोडले.

मुदत संपायच्या आदल्या रविवारी चिठ्ठ्या निघाल्या. मिस्त्रींनी खडूने दारांवर नंबर घातले, फाटकाकडून, तेही दोनदा ओरडून. घमेल्यात चिठ्ठ्या टाकल्या. ताईंना दुसरं घर आलं. नळाजवळचं, सकाळचं ऊन येणारं, सगळ्यांचा डोळा असलेलं. चौथं आलं टेम्पोवाल्याला. त्याची बायको तान्ह्याला घेऊन उभी होती.

ताई सरळ त्यांच्यापुढे गेल्या. "आपण घरं बदलू या का?"

टेम्पोवाल्याला आधी शंकाच आली. "का? चौथ्यात काय पुरलंय?"

"काही नाही. छत पास झालंय, तुम्हीही पोती वाहिलीत. पण त्याच्याखाली तुमचं बाळ झोपलं ना, तर मी रोज येऊन दार वाजवीन. जिवंत आहात का विचारायला. तुम्हाला ते चालणार नाही."

"वा गं वा!" सासूबाई मागून कडाडल्या. "छताचे टेकू पाडलेस तू, आणि खाली मला झोपवणार?"

"तुमच्या शेजारी मी आहे ना."

"म्हणजे दोघी एकदम!" त्या म्हणाल्या. पण काठी टेकत चौथ्या घराकडे पहिल्या निघाल्या त्याच.

दुपारी सामान आलं. मी खाट आत न्यायला गेलो, तर ताई मधल्या खोलीत, बरोबर जिथे टेकूंची ती रांग होती तिथे, उघड्या फरशीवर उताण्या पडल्या होत्या. डोळे छताला खिळलेले. मुलगी आत-बाहेर करत होती, सासूबाई भांड्यांवरून ओरडत होत्या. खाट ठेवून मी पेटी आणायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ताईंचे डोळे मिटलेले होते आणि तोंड किंचित उघडं.

मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं.

"काही झालं नाहीये," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "घोरतेय. त्या पेटीचा आवाज केलास तर बघ."

मी पेटी डोक्यावर घेऊन तसाच दारात उभा राहिलो.