अण्णांचे ओठ

माझ्या चित्रकलेच्या शिकवणीतल्या मुलीने नवा खोडरबर काढला आणि त्या गोडसर वासाने माझं डोकंच फिरलं.

मी स्वतः शिकत होते तेव्हाची गोष्ट. नाशिक रोडच्या चित्रकलेच्या वर्गात मी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चित्र काढत होते. वर्षश्राद्धाला लावायचं होतं. त्यांचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, पापुद्रे सुटलेला. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून मी चेहरा कागदावर मोठा करत होते. डोळे, नाक झालं होतं, ओठ राहिले होते.

सर मागे येऊन थांबले. "चौकटी कसल्या आखतेस? ही चोरी आहे. नजरेने काढ," म्हणाले, आणि माझाच खोडरबर घेऊन फोटोवरच्या रेघा खसाखसा पुसल्या. रेघांबरोबर अण्णांचे ओठही गेले.

आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर." याचाच संताप आज जास्त येतो.

मुलीने दबकत विचारलं, "मॅडम, आजीचा फोटो टॅबवर ठेवून गिरवला तर चालेल?"

"खुशाल गिरव," मी म्हणाले. आवाज उगाच चढला.

भिंतीवरच्या चित्रात अण्णांचे डोळे हुबेहूब आहेत, चौकटीतले. ओठ सरांना हवे तसे, मनाने काढलेले. आई शेवटपर्यंत म्हणायची, "हे ओठ ह्यांचे नाहीत."