सांगितल्याशिवाय

दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत ती बसायची. तिथले सगळे तिला थर्मामीटर म्हणायचे. तोंड बघून माणसाचा ताप सांगते म्हणून. कोणाला आधी पाणी द्यायचं, कोणाला आडपडदा न ठेवता सांगायचं, हे माणूस खिडकीशी पोचायच्या आत तिला कळलेलं असायचं.

मग डाव्या पायाला मुंग्या आल्या, एका डोळ्यापुढे धुकं धरलं. तपासण्यांतून मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जातंतूंचा आजार निघाला. हातात काठी आली. नवऱ्याने, सोबतच्या बायकांनी तिला अगदी तळहातावर झेललं. काठी दिसत होती ना सगळ्यांना!

एका दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डातून एक तरुण खाली आला. "बायकोला घरी न्यायचंय. सुट्टीचे कागद कुठे मिळतील?"

"अरे वा! मुलगा की मुलगी?" तिने हसून विचारलं.

मागून त्याची आई किंचाळली, "बाळ गेलंय आमचं! तोंड दिसत नाही का त्याचं?"

दिसत होतं. डोळे, नाक, ओठ, सगळं लख्ख. पण त्याचा अर्थच लागत नव्हता.

डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून समजावलं, "या आजारात कधीकधी असंही होतं. चेहरा, आवाजातला चढउतार मेंदूला कळेनासा होतो. माया आटलेली नसते. शब्दांत सांगत जा, म्हणजे झालं."

नणंदेला काही हे पटलं नाही. "पाय गेले, कबूल. पण आजाराने माणुसकी कशी जाते रे दादा? बरं निमित्त सापडलंय!"

नवरा काही दिवस सांगत राहिला. "मी दमलोय हं." "मी चिडलोय." मग एकदा ताट सरकवून म्हणाला, "आता काय गळ्यात पाटी लावून फिरू?"

दवाखान्याने तिला मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायला बसवलं. "बरं झालं, चादरींना तोंड नसतं," ती म्हणाली. कोणी हसलं की नाही, तिला समजलं नाही.

परगावी नोकरी करणारी मुलगी सुट्टीला येऊन गेली. "कशी आहेस?" "मजेत." पुढच्याच आठवड्यात नणंदेच्या फोनवरून कळलं, पोरीचं ठरलेलं लग्न मोडलंय. नवऱ्याला ते आधीच ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्यासमोर जेवताना रडत होती ती," नवरा म्हणाला. "तू विचारलंस, सर्दी झालीय का."

तिने मुलीला फोन लावला. "बाळा, एका शब्दाने बोलली असतीस तर..."

"तेच नको होतं आई. सगळ्या जगाला सांगूनच कळतं. तुला न सांगता कळायला हवं होतं."

फोन बंद झाला. ती पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडली. नवरा दारात येऊन उभा राहिला. तिने वर पाहिलं.

"आत्ता तुम्हाला माझी कीव येतेय की राग? सांगा ना."

"बघ तूच," तो म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.